घराची शोभा : पडदा आणि उशी



इमामाला लोक नाना प्रश्न विचारतात. वारशाचे वाटे कसे करावेत, दिलेल्या कर्जावर जकात पडते का, प्रवासात नमाज कोठपासून कसर करावी. भिंतीवर काय टांगावे आणि उशीचा अभ्रा कशाचा शिवावा, हे मात्र मला कुणी कधी विचारलेले नाही. त्यामुळे मी त्यावर कधी नीट विचारही केला नव्हता. विचार न करता बोललो मात्र होतो, आणि त्या बोलण्याचे ओझे गेली तीन वर्षे माझ्याबरोबर आहे. ते आपल्यापुढे उतरवून ठेवावे म्हणून हा लेख.

आमची मशीद रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका गावात आहे. गावातील बरीच घरे आखाती देशांतील कमाईवर उभी राहिली. संगमरवरी फरशी, छताला नक्षी, मधोमध झुंबर आणि त्या झुंबराखाली टीव्ही पाहत बसलेले दोन वृद्ध जीव, असे दृश्य आमच्याकडे नवे नाही. मुले दुबईत, कतारमध्ये. घर मात्र दरवर्षी एकेक वस्तूने भरत जाते. एका जुम्याला अरबी खुतब्यापूर्वीच्या बयानात मी अपव्ययाचा विषय घेतला. सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे भाऊ ठरवले आहे, तो इशारा समजावून सांगितला. नजर अर्थातच पहिल्या सफेवर होती. बोलण्याच्या ओघात मी म्हणालो की, भिंतीवर टांगलेली प्रत्येक वस्तू हिशेबाच्या दिवशी खाली उतरून तुमच्यासमोर उभी राहील. वाक्य मी आदल्या रात्री घोळवून ठेवले होते. मराठी घेऊन बी. ए. केल्याचा एक दुर्गुण असा की, वाक्य जमले म्हणजे ते खरेच असणार असे वाटू लागते.

नमाजनंतर गावातील सर्वांत मोठ्या दिवाणखान्याच्या मालकांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "माशाअल्लाह मौलाना, लोकांना हे सांगायलाच हवं होतं."

आमच्याकडे स्त्रिया बहुधा घरीच नमाज पढतात, पण मशिदीचा भोंगा घरोघर पोचतो. साधारण दोन आठवड्यांनी मोहल्ल्यातील एका विधवा भगिनीने आजारी मुलासाठी दुआ करायला बोलावले. ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाते. मोठी मुलगी बारावी होऊन घरी आहे, धाकटा मुलगा शाळेत. मी पत्नीला बरोबर घेऊन गेलो. दोन खोल्यांचे घर. बाहेरच्या खोलीत एक लोखंडी खाट, एक चटई, आणि समोरच्या भिंतीवर पाच खिळे. खिळ्यांवर काहीच नव्हते, फक्त त्यांच्याखालचा चुना आजूबाजूच्या भिंतीपेक्षा जरा पांढरा दिसत होता. दुआ झाल्यावर सहज थट्टेने मी म्हणालो, "खिळे आहेत, पण त्यांना काम काही दिलेलं नाही!"

कुणी हसले नाही. मुलगी आत निघून गेली. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मौलाना, त्या जुम्याचं तुमचं बयान ऐकलं आणि पोरीनं सगळं उतरवून ठेवलं. गुनाह होतो म्हणाली."

पत्नीने आग्रह केला तेव्हा गोणपाटात बांधलेले ते "सगळे" बाहेर आले. काथ्याच्या दोरीला गाठी मारून केलेली एक झालर होती. ती दोरीसुद्धा विकतची नव्हती. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात कुजवून, बडवून, त्यांचा काथ्या वळण्याचे काम तिच्या आजीला येत होते आणि आजीने मागे ठेवलेला एक गुंडाळा घरात पडून होता. करवंटीचा एक दिवा होता. करवंटी काचेच्या तुकड्याने खरवडून, पॉलिश पेपरने घासून, खोबरेल लावून तिला काळसर चकाकी आणली होती, आणि तापवलेल्या सळईने तिला बारीक भोके पाडली होती, आत बल्ब बसेल अशी. आजीच्या जुन्या ओढण्या आणि वडिलांच्या लुंग्या कापून, त्यांचे चौकोन जोडून, गोधडीच्या धावदोऱ्याने शिवलेले चार अभ्रे होते. बुरडाकडची जुनी रोवळी होती. तिची एक बाजू मोडलेली, ती आतून कापड लावून सावरलेली. आणि खिशाखिशांची एक कापडी पट्टी, धाकट्याची कंपासपेटी, आईची औषधे, रेशनकार्ड ठेवण्यासाठी. मी विचारले, एकूण खर्च किती आला? सुई, दोरे, पॉलिश पेपर, वायर आणि बल्ब मिळून २८० रुपये, असे आतून उत्तर आले. हिशेब तोंडपाठ होता. अपव्यय करणाऱ्याला हिशेब असा तोंडपाठ नसतो.

मी निशाणा पहिल्या सफेवर धरला होता. पहिली सफ सुखरूप राहिली आणि बाण जाऊन लागला तो या घराला.

त्या रात्री मी कपाटातून हदीसचे ग्रंथ काढले. माझ्या मनात जी हदीस होती, जिच्या आधारावर मी ते बयान बांधले होते, ती सहीह मुस्लिममध्ये आहे. आदरणीय प्रेषित (स.) मोहिमेवर गेले असता ह. आयेशा (रजि.) यांनी एक झालरीचे कापड घेऊन ते दारावर लावले. प्रेषित (स.) परत आले, ते कापड पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली. त्यांनी ते ओढून फाडले आणि दगडाला व मातीला कपडे घालण्याची आज्ञा अल्लाहने आपल्याला दिलेली नाही, अशा अर्थाचे सांगितले. मदरशात दौरा-ए-हदीसच्या वर्षी हा पाठ झाला तेव्हा वर्गाची सगळी चर्चा चित्रांच्या हुकुमावर गेली होती, कारण पडद्याविषयीच्या दुसऱ्या काही रिवायतींत चित्रांचा उल्लेख आहे. तो प्रश्न वेगळा आहे आणि मी येथे त्यात शिरणार नाही. मला सांगायचे आहे ते असे की, या हदीसचा पूर्वार्ध मला पाठ होता आणि उत्तरार्ध मी विसरलो होतो.

उत्तरार्धात ह. आयेशा (रजि.) सांगतात की, मग आम्ही त्या कापडाच्या दोन उशा केल्या, त्यांत खजुराच्या झाडाचा तंतू भरला, आणि प्रेषितांनी (स.) त्याबद्दल मला काही दोष दिला नाही.

वाचकहो, कापड तेच आहे. जी झालर, जो रंग, जी शोभा दारावर खटकली, तीच उशीवर खटकली नाही. म्हणजे आक्षेप सौंदर्यावर नव्हता. सौंदर्यावर असता तर ते कापड घराबाहेर गेले असते. आक्षेप कशावर होता ते शब्दांतच आले आहे. दगडाला थंडी वाजत नाही आणि मातीला लाज नसते. तिला वस्त्र चढवणे म्हणजे ज्याला गरज नाही त्याला देणे. उशीला मात्र माणूस टेकतो. दमून आलेला घरधनी टेकतो, पाहुणा टेकतो, तापाने फणफणलेले मूल टेकते. शोभा भिंतीकडून माणसाकडे वळली आणि निर्दोष झाली.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे, कारण एकदा अतिरेक केल्यावर माणूस दुसऱ्या टोकाला धावतो. तर दारावर कापड लावणे हरामच आहे का? सहीह मुस्लिमचे भाष्यकार इमाम नववी (मृत्यू हिजरी ६७६) यांनी येथे बारीक भेद केला आहे. आज्ञा दिलेली नाही, असे शब्द आहेत; मनाई केली आहे, असे नाहीत. ज्याची आज्ञा नाही ते कर्तव्यही नव्हे आणि पुण्यकर्मही नव्हे, एवढेच त्यातून निघते. म्हणून भिंतींना कापड चढवणे त्यांनी नापसंत ठरवले, निषिद्ध ठरवले नाही. मी भोंग्यावरून हा भेद सांगितला नव्हता. ज्या गोष्टीला इमाम नववी नापसंत म्हणून थांबले, ती मी आजीच्या काथ्याच्या दोरीसह थेट कयामतच्या हिशेबात नेऊन उभी केली.

कोणी म्हणेल, मौलाना, तुमच्या सोयीची हदीस तुम्ही घेतली, ह. फातिमा (रजि.) यांच्या पडद्याचे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो मी स्वतःलाही विचारला. सहीह बुखारीत ह. इब्ने उमर (रजि.) यांची रिवायत आहे. प्रेषित (स.) आपल्या लाडक्या कन्येच्या घरी आले, दाराशी नक्षीदार पडदा दिसला आणि ते आत न जाताच परतले. ह. अली (रजि.) यांनी कारण विचारले तेव्हा या ऐहिक जगाशी माझा काय संबंध, अशा आशयाचे उत्तर मिळाले. ह. फातिमा (रजि.) म्हणाल्या, त्यांनी हवी ती आज्ञा करावी. आज्ञा झाली की, तो पडदा अमुक घरी पाठवून दे, त्यांना गरज आहे. येथे उशी झाली नाही. पडदा घरातून गेला.

या दोन प्रसंगांचा मेळ कसा घालायचा? मी बरेच दिवस त्यावर अडलो होतो. वाट दाखवली ती तिसऱ्या एका प्रसंगाने. ह. मालिक बिन नदला (रजि.) प्रेषितांकडे (स.) अगदी हलक्या कपड्यांत आले. तुझ्याजवळ संपत्ती आहे का, असे प्रेषितांनी विचारले. ते म्हणाले, उंट आहेत, मेंढ्या आहेत, घोडे आहेत, सगळे आहे. तेव्हा अल्लाहने दिले आहे तर त्याच्या कृपेची खूण तुझ्यावर दिसू दे, असा उपदेश त्यांना मिळाला. अबू दाऊद यांच्या संग्रहात ही हदीस आहे. आता पाहा : स्वतःच्या दारावरचा पडदा फाडला, लेकीच्या दारावरचा गरजूला पाठवला, आणि परक्या माणसाला सांगितले की चांगले नेस. कठोरता आतल्या माणसांसाठी, सवलत बाहेरच्यांसाठी. ज्या चटईचे वळ अंगावर उमटलेले पाहून ह. उमर (रजि.) यांना रडू कोसळले, ती चटई प्रेषितांनी (स.) स्वतः निवडलेली होती, दुसऱ्या कुणाच्या अंगाखालची गादी त्यांनी काढून घेतली नव्हती.

विरक्ती, जिला आपल्याकडे जुहद म्हणतात, ती स्वतःवर घेतली तर इबादत होते. दुसऱ्यावर, आणि तेही ज्याच्याकडे सोडण्यासारखे काही नाही अशा माणसावर लादली, तर तो जुलूम होतो. जो सोडू शकतो त्याचेच सोडणे मोलाचे. काजूच्या बिया फोडून चालणाऱ्या घराला साधेपणाचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला रोज्याचे महत्त्व पटवण्यासारखे आहे. त्या घरात साधेपणा होताच. मुलीने त्यात भर घातली होती ती डोळ्यांना बरे वाटण्याची, आणि ती सुद्धा घरात जे पडून होते त्यातून. सूरह आराफमध्ये अल्लाह स्वतः विचारतो की, त्याने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा हराम करणारा कोण? मी तो प्रश्न शेकडो वेळा पढलो आहे. तो मला विचारलेला असू शकतो, हे कधी मनात आले नव्हते.

आता दुसऱ्या बाजूबद्दलही बोलले पाहिजे, कारण अलीकडे साधेपणालाच बाजारभाव आला आहे. पनवेल-मुंब्र्याच्या सदनिकांत आमच्या गावची जी सुशिक्षित पिढी राहते, तिच्या घरी गेलो की पांढऱ्या भिंती, एक लाकडी बाक, कोपऱ्यात एक टोपली आणि बाकी मोकळी जागा दिसते. याला मिनिमलिझम म्हणतात, असे मला सांगण्यात आले. पाहायला ते खरोखर प्रसन्न वाटते. खोटे कशाला बोलू? एका पाठीवर एक बिछाना घरधन्याचा, एक पत्नीचा, तिसरा पाहुण्याचा आणि चौथा सैतानाचा, या अर्थाची जी हदीस ह. जाबिर (रजि.) यांनी सांगितली आहे, ती अशा घरात आठवते. गरजेपेक्षा जास्त वस्तू घरात न आणणे ही आपलीच शिकवण आहे.

पण अशाच एका घरात मी एक गोष्ट पाहिली. त्या तरुणाच्या अम्मी गावाहून आल्या होत्या आणि त्यांनी येताना प्लॅस्टिकच्या फुलांची एक फुलदाणी आणली होती. धाकट्या मुलाने अनेक वर्षांपूर्वी शारजाहून आणलेली, त्यांनी कागदात गुंडाळून जपलेली. मी गेलो तेव्हा ती फुलदाणी धुण्याच्या यंत्रामागे होती. थोरला मुलगा हसून म्हणाला, "अम्मीची आवड बटबटीत आहे, मौलाना. आम्ही साधं ठेवतो." अम्मी तेथेच बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि काही बोलल्या नाहीत.

एका सद्गृहस्थांनी प्रेषितांना (स.) विचारले होते की, माणसाला आपले कपडे चांगले असावेत, जोडा चांगला असावा असे वाटते, हा अहंकार आहे काय? उत्तराचा आशय असा की, अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडते. अहंकार म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे. या उत्तराने अहंकाराला वस्तूंमधून काढून नजरेत नेऊन बसवले आहे. झुंबराखाली बसून शेजाऱ्याला तुच्छ लेखता येते, तसेच रिकाम्या भिंतीसमोर बसून आईच्या फुलदाणीलाही तुच्छ लेखता येते. कोकणात काथ्याच्या दोरीला सुंभ म्हणतात, आणि सुंभ जळला तरी पीळ जळत नाही ही म्हण आपण सगळे जाणतो. घरातील सामान काढून टाकले म्हणून मनातला पीळ गेला असे होत नाही. उलट सामान असताना तो निदान सामानाआड लपलेला असतो.

शिवाय हा रिकामेपणा स्वस्त नसतो. तीच टोपली, जी आमच्या आठवडी बाजारात बुरूड जमिनीवर मांडून बसतो, शहरातल्या दुकानात दसपट किमतीला मिळते आणि वर "हातकाम" अशी चिठ्ठी असते. साधेपणा विकत घ्यायला इतके पैसे लागत असतील तर तो साधेपणा राहिला कोठे, हा विचार वाचकांनी करावा. कुरआनच्या आयतींच्या सोनेरी चौकटींबद्दलही मला असेच वाटते. आयतुल कुर्सी हजारो रुपयांच्या चौकटीत दिवाणखान्यात टांगायची आणि झोपताना मात्र ओठांवर यायची नाही, ही सजावट भिंतीची झाली. माणसाच्या वाट्याला काही आले नाही.

बुरडाचा विषय निघाला आहे तर माझा आणखी एक दोष सांगून टाकतो. त्या घरची रोवळी पाहून माझ्या पत्नीलाही हौस वाटली. आमचे मशिदीलगतचे दोन खोल्यांचे घर, पगार इमामाचा. तिने ठरवले की तीन लहान-मोठ्या रोवळ्या आणून एकीत कांदे-बटाटे ठेवावेत, एकीत धाकटीची खेळणी, आणि एक दाराजवळ टोप्या, तस्बीह ठेवायला लावावी. बेत थोडक्यात बसणारा होता. बाजारात बुरडाने तिन्हींचे साडेतीनशे सांगितले. मी अडीचशेला मागितल्या. घासाघीस करताना माझ्या तोंडात सारखा एक शब्द होता, बजेट. शेवटी त्याने अडीचशेला दिल्या आणि मी समाधानाने निघालो, तेव्हा पत्नी हळूच म्हणाली, "त्याचं बजेट किती होतं, ते विचारलंत का?"

मी परत गेलो नाही, लाज वाटली. पुढल्या बाजारी मात्र गेलो आणि त्याच्याजवळ बसून काम पाहिले. बांबू आधी उभा चिरायचा, गाठी काढायच्या, मग कोयत्याने बेळ सोलून काढायची, ती भिजवायची, सालीची बेळ वेगळी आणि गराची वेगळी. बोटांना फास लागतात. एक चांगली रोवळी विणायला त्याचा अर्धा दिवस जातो, बांबूची किंमत वेगळी. मी तीन रोवळ्यांमागे जे शंभर रुपये वाचवले होते, ते कोणाच्या दिवसातून वाचले हे मला समोर दिसत होते. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्यापूर्वी द्या, या शिकवणीवर मी अनेकदा बोललो आहे. घाम सुकण्यापूर्वी दिली, हे खरे. पण किती दिली? व्यापारात भाव करणे जायज आहे, यात शंका नाही. पण खरेदी करताना, विक्री करताना आणि येणे मागताना जो सौम्यपणे वागतो त्याच्यासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहकडे दयेची दुआ केली आहे, आणि ही दुआ बुखारीत आहे. थोडक्या पैशात घर सजवणे ही चांगली गोष्ट आहे, परंतु त्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे त्या मुलीसारखे, आपला वेळ आणि आपले हात खर्ची घालणे. दुसरा म्हणजे दुसऱ्याचा वेळ आणि दुसऱ्याचे हात कमी दरात मिळवणे. दोन्हींना आपण स्वस्त म्हणतो.

हाताने काम करण्याबद्दल आपल्या समाजात एक विचित्र संकोच शिरला आहे. आखाती पैसा आला तशी जुनी गोधडी माळ्यावर गेली आणि चकचकीत ब्लँकेट आले. घरी शिवलेले नेसणे, घरी विणलेले अंथरणे गरिबीची खूण झाली. वस्तुतः ह. दाऊद (अलै.) राजे असूनही आपल्या हाताच्या कमाईचे खात, आणि हाताच्या कमाईपेक्षा उत्तम अन्न कुणी खाल्ले नाही, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. प्रेषित (स.) स्वतःचा जोडा सांधत, कपडा शिवत. उम्मुल मोमिनीन ह. जैनब बिन्ते जहश (रजि.) कातडी कमावत, शिवणकाम करत आणि जे मिळे ते दानात देत. ज्यांच्या घरात हे होते, त्यांच्या उम्मतीतील मुलीला तिने जुन्या लुंगीचे अभ्रे शिवले म्हणून अपराधी वाटावे, आणि ते वाटायला लावणारा मी असावा, याचे दुःख मला आजही आहे.

पुढच्या जुम्याला मी मिंबरापाशी उभा राहून सांगितले की, मागच्या बयानात मी अर्धी हदीस सांगितली होती, आज उरलेली सांगतो. दहा मिनिटांत सांगून झाले. नमाजनंतर काही बुजुर्ग नाराज दिसले. इमामाने आपले बोलणे असे मागे घेऊ नये, लोकांचा विश्वास उडतो, असे एकाने बाजूला घेऊन समजावले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असेलही. मोठ्या दिवाणखान्याच्या मालकांनी याही वेळी हात हातात घेतला आणि "माशाअल्लाह" म्हटले.

मुलीने लगेच काही परत टांगले नाही. मनात एकदा बसलेली भीती जाहीर खुलाशाने निघत नाही, हे मी तेव्हा शिकलो. रमजानच्या आधी आम्ही दोघे पुन्हा त्या घरी गेलो, तेव्हा खाटेवर चारही अभ्रे चढवलेले होते. खिशांची पट्टी एका खिळ्यावर होती, रोवळी दुसऱ्या. काथ्याची झालर नव्हती. ती मुलीने खिडकीला बांधली होती, धाकट्याच्या डोळ्यांवर दुपारचे ऊन येऊ नये म्हणून. दिवा खाटेशेजारी एका डब्यावर ठेवलेला होता, विझलेला.

मी विचारले, हा का टांगला नाही?

पडद्याआडून मुलगी म्हणाली, "मौलाना, एक शंका आहे. दिवा उजेड देतो, म्हणजे माणसाच्या कामाचा. पण करवंटीला भोकं पाडली नसती तर जास्त उजेड पडला असता. भोकं मी नक्षीसाठी पाडली. नक्षी पडते ती भिंतीवर. मग तो पडदा झाला की उशी?"

मी पत्नीकडे पाहिले. ती हसू दाबत होती. मी म्हणालो, बेटी, किताबे पाहून सांगतो.

तेवढ्यात तिची आई चहा घेऊन आली. मी टेकायला उशी ओढून घेतली, आणि धाकट्याने उठून दिव्याचे बटण दाबले.